कृत्रिम बुद्धिमत्ताजनित संगीत

कृत्रिम बुद्धिमत्ताजनित संगीत : ध्वनिमुद्रित वा स्वरलिपिबद्ध संगीताच्या मोठ्या संग्रहातून सांख्यिकीय पद्धतीने शिकलेल्या संगणकप्रणालीने मानवी सूचनेवरून निर्माण केलेले संगीत. ही सूचना संथ लय, बासरीचे प्राधान्य, विषण्ण भाव अशा शब्दांतील वर्णनाची असते. गीताच्या ओळी किंवा गुणगुणलेली चाल देऊनही प्रणालीकडून गीत तयार करून घेता येते. गायन, वाद्यमेळ व ध्वनिमिश्रण यांसह पूर्ण गीत एका मिनिटाच्या आत हाती येते. संगीताच्या क्षेत्रात यंत्राचा प्रवेश जुना आहे. तथापि पूर्वीचे यंत्र वादकाच्या हातातील साधन होते किंवा रचनाकाराने घालून दिलेले नियम पाळत होते. प्रस्तुत प्रणालीस नियम कोणी सांगत नाही. असंख्य गायक-वादकांच्या ध्वनिमुद्रणांतून ती ते स्वतः काढून घेते. कर्तृत्व, संमती व मोबदला यांविषयीचे आजचे बहुतेक वाद या एका फरकातून उद्‌भवले आहेत.

इतिहास : संगीतरचनेचे काम नियमांवर सोपविण्याची कल्पना संगणकापूर्वीची आहे. अठराव्या शतकात यूरोपमध्ये फाशांच्या दानानुसार तयार संगीतखंड जोडून नृत्यसंगीत सिद्ध करण्याचे खेळ प्रचलित होते. त्यांपैकी एक मोट्सार्टच्या नावावर प्रसिद्ध झाला. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित वैश्लेषिक यंत्रावरील आपल्या टिपणांत एडा लव्हलेस (१८१५–५२) यांनी १८४३ मध्ये असे म्हटले, की स्वरांतील परस्परसंबंध यंत्रास हाताळता येतील अशा रूपात मांडले, तर ते यंत्र संगीतरचनाही करू शकेल. यंत्र स्वतः होऊन काही नवे उत्पन्न करीत नाही, असेही त्याच टिपणांत त्यांनी नमूद केले होते.

प्रत्यक्ष आरंभ अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाला. लेजारेन हिलर (१९२४–९४) व लेनर्ड आयझॅक्सन यांनी इलियॅक संगणकाच्या साहाय्याने १९५७ मध्ये चार तंतुवाद्यांसाठी ‘इलियॅक सूट’ ही रचना पूर्ण केली. संगणकाने यदृच्छेने स्वर निवडावयाचे व स्वरसंवादाच्या नियमांत न बसणारे गाळावयाचे, अशी तिची पद्धत होती. त्याच वर्षी मॅक्स मॅथ्यूज (१९२६–२०११) यांनी बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून प्रत्यक्ष ध्वनी निर्माण करून घेणारी आज्ञावली तयार केली. यानिस झेनाकिस (१९२२–२००१) यांनी संभाव्यतेच्या गणिताचा रचनेत उपयोग केला. १९८० नंतर डेव्हिड कोप यांनी बाखसारख्या रचनाकारांच्या कृतींचे विश्लेषण करून त्यांच्या शैलीत नव्या रचना करणारी आज्ञावली विकसित केली. इतरांच्या कृती हाच कच्चा माल, हे आजच्या प्रणालींचे लक्षण तीत प्रथम ठळकपणे दिसते.

डीपमाइंड या संस्थेने २०१६ मध्ये ‘वेव्हनेट’ या चेताजालाद्वारे थेट ध्वनितरंग निर्माण करून दाखविले. ओपनएआय या संस्थेच्या ‘ज्यूकबॉक्स’ (२०२०) या प्रणालीचे प्रशिक्षण १२ लाख गीतांवर झाले होते. मात्र एक मिनिटाचे संगीत तयार होण्यास सु. ९ तास लागत. त्यानंतरची प्रगती अतिशय वेगाने झाली. २०२३ मध्ये गूगलने ‘म्यूझिकएलएम’ व मेटाने ‘म्यूझिकजेन’ या प्रणाली जाहीर केल्या. डिसेंबर २०२३ मध्ये ‘सुनो’ व एप्रिल २०२४ मध्ये ‘युडिओ’ या सेवा सर्वांना खुल्या झाल्या आणि संगीताचे शिक्षण नसलेल्या व्यक्तीसही गीत तयार करून घेणे शक्य झाले.

तंत्र : कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रतीच्या ध्वनिमुद्रणात दर सेकंदास ध्वनिदाबाची ४४,१०० मापे नोंदविली जातात. चार मिनिटांच्या गीतात एका वाहिनीपुरती ही संख्या एक कोटीहून अधिक होते. इतक्या मापांतील दूरचे संबंध, उदा., ध्रुवपदाची पुनरावृत्ती, संगणकास सरळ शिकता येत नाहीत. म्हणून प्रथम ध्वनीचे संकोचन करून तो मर्यादित संख्येच्या संकेतचिन्हांत रूपांतरित करतात. पुढे दोन मार्ग संभवतात. पहिल्यात, मागील चिन्हांवरून पुढचे चिन्ह कोणते असण्याचा संभव अधिक, याचा अंदाज चेताजाल बांधते व असे एकेक चिन्ह जोडीत जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना यासाठी वापरतात. दुसऱ्यात, निव्वळ गोंगाटापासून सुरुवात करून तो टप्प्याटप्प्याने कमी करीत सूचनेशी जुळणारा ध्वनी घडविला जातो. यास विसरण पद्धती म्हणतात. शब्द व ध्वनी यांची सांगड वर्णनासह साठविलेल्या ध्वनिमुद्रणांवरून घातली जाते.

प्रशिक्षण संपल्यावर प्रणालीत मूळ ध्वनिमुद्रणे साठून राहत नाहीत. राहतात ते त्यांवरून निश्चित झालेले कोट्यवधी संख्यात्मक भार. म्हणून ही नक्कल नव्हे, असा निर्मात्यांचा दावा असतो. परंतु वारंवार आलेला मजकूर या भारांत जवळजवळ जसाच्या तसा उतरू शकतो. गीतांच्या शब्दांसंबंधीच्या एका दाव्यात म्यूनिकच्या न्यायालयाने ११ नोव्हेंबर २०२५ रोजी अशा स्मरणास पुनरुत्पादन मानले व ओपनएआयविरुद्ध जर्मन संगीतकारांच्या ‘गेमा’ या संस्थेच्या बाजूने निर्णय दिला.

उपयोग : ध्वनिमुद्रणातून गायकाचा कंठ व वाद्ये वेगळी करणे, जुन्या ध्वनिफिती स्वच्छ करणे, चालीचे कच्चे आराखडे बांधणे, जाहिराती व चित्रफितींसाठी पार्श्वसंगीत पुरविणे ही कामे या तंत्राने सुलभ झाली आहेत. बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ हे गीत (२०२३) जॉन लेनन यांच्या जुन्या घरगुती ध्वनिफितीतील आवाज पियानोपासून विलग करता आल्यामुळेच पूर्ण झाले. येथे यंत्राने नवा आवाज घडविला नाही, असलेला आवाज सोडवून घेतला. हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

व्यवसायावरील परिणाम : स्ट्रीमिंग सेवांच्या प्रचलित पद्धतीत वर्गणी व जाहिरातींचे उत्पन्न एकत्र करून ते श्रवणसंख्येच्या प्रमाणात वाटले जाते. एकूण रक्कम ठरलेली असल्याने यंत्रनिर्मित गीतांस मिळणारा प्रत्येक वाटा इतरांच्या वाट्यातून वजा होतो. डीझर या फ्रेंच सेवेकडे जानेवारी २०२५ मध्ये दररोज सु. १०,००० गीते पूर्णतः यंत्रनिर्मित अशी येत होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही संख्या सु. ५०,००० म्हणजे दैनंदिन आवकीच्या सु. ३४ टक्के झाली. या गीतांचे प्रत्यक्ष श्रवण अत्यल्प असून त्यांतील बहुतांश यांत्रिक व फसवे असल्याचे त्या सेवेस आढळले. लेखक व संगीतकारांच्या संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘सिसॅक’ याने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२८ पर्यंत संगीतकारांच्या उत्पन्नापैकी २४ टक्के भाग धोक्यात येण्याचा संभव आहे.

यंत्रामुळे वादकांचे काम जाण्याचा अनुभव मुंबईस नवा नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन इ. वाद्ये वाजविणाऱ्यांत गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांसारखे संगीतसंयोजक त्यांच्यातूनच पुढे आले. १९८० नंतर सिंथेसायझर व पुढे संगणकीय ध्वनिमुद्रण रूढ झाल्यावर मोठ्या वाद्यवृंदांची गरज ओसरली. मात्र त्या यंत्रांच्या मागे वादक व संयोजक होताच. वादकांची संख्या घटली, तरी रचनेचे काम माणसाकडे राहिले. नव्या प्रणाली या उरलेल्या कामावरही हक्क सांगतात. शिवाय, ज्यांच्या जागी त्या येतात त्यांच्याच वादनातून त्या शिकलेल्या असतात.

कायदेविषयक प्रश्न : जून २०२४ मध्ये युनिव्हर्सल, सोनी व वॉर्नर या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सुनो व युडिओ यांच्यावर अमेरिकेत दावे लावले. खुल्या इंटरनेटवरील ध्वनिमुद्रणांचा प्रशिक्षणासाठी उपयोग केल्याचे नाकारण्याऐवजी सुनोने तो कायद्यातील ‘न्याय्य वापर’ असल्याचा बचाव केला. पुढे युनिव्हर्सलने ऑक्टोबर २०२५ मध्ये युडिओशी, तर वॉर्नरने नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन्ही सेवांशी तडजोड करून परवान्याचे करार केले. त्यायोगे कंपन्यांचा प्रश्न काही अंशी सुटतो. तथापि एकदाच मेहनताना घेऊन वाजविलेल्या साथीदाराच्या पदरात अशा करारातून काय पडते, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. मानवी कर्तृत्वाशिवाय केवळ सूचनेवरून निघालेल्या कृतीस स्वामित्वहक्क मिळत नाही, असे अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात स्पष्ट केले.

भारतात स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास कारण झालेली व्यक्ती, अशी व्याख्या घातली गेली. ती करताना शिकणारी प्रणाली डोळ्यांसमोर नव्हती. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार व सादरकर्ते यांचे स्वामित्वशुल्काचे हक्क दृढ केले. केंद्र शासनाने नेमलेल्या समितीच्या डिसेंबर २०२५ मधील कार्यपत्रिकेत प्रशिक्षणासाठी सक्तीचा सरसकट परवाना व त्याबद्दल हक्कधारकांस शुल्क, अशी योजना सुचविली आहे. तीत मोबदल्याची तरतूद असली, तरी नकार देण्याचा अधिकार राहत नाही.

कंठस्वराचे अनुकरण : काही मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावरून एखाद्याच्या आवाजाची प्रतिकृती करता येते. एप्रिल २०२३ मध्ये ड्रेक व द वीकेंड या गायकांच्या आवाजांची नक्कल असलेले एक गीत निनावी व्यक्तीने प्रसिद्ध केले व ते लक्षावधी लोकांनी ऐकले. अमेरिकेतील टेनेसी राज्याने मार्च २०२४ मध्ये आवाजास संरक्षण देणारा कायदा संमत केला. भारतात असा स्वतंत्र कायदा नसला, तरी न्यायालयांनी व्यक्तिमत्त्वहक्काच्या आधारे संरक्षण दिले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग (जुलै २०२४) व आशा भोसले (२०२५) यांच्या दाव्यांत संमतीवाचून आवाजाची प्रतिकृती करण्यास अंतरिम मनाई केली. याउलट ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ (२०२४) या तमिळ चित्रपटातील एका गीतासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज त्यांच्या कुटुंबीयांची परवानगी घेऊन व त्यांना मोबदला देऊन वापरले. तंत्र एकच असूनही संमतीमुळे व्यवहाराचे स्वरूप पालटते, हे यावरून दिसते.

तंत्रज्ञानक्षेत्रातील दृष्टिकोन : उपलब्ध ते सर्व आधी गोळा करावे व हरकत आल्यास मागाहून तोडगा काढावा, ही रीत या क्षेत्रात बराच काळ मान्य होती. संगीतनिर्मिती सर्वांना खुली झाली, हे तिचे समर्थन होय. या भूमिकेस क्षेत्राच्या आतूनही विरोध झाला. स्टॅबिलिटी एआय या कंपनीतील ध्वनिविभागाचे प्रमुख एड न्यूटन-रेक्स यांनी याच प्रश्नावर नोव्हेंबर २०२३ मध्ये राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एक हजारांहून अधिक संगीतकारांनी ब्रिटिश सरकारच्या प्रस्तावित कायदेबदलाच्या निषेधार्थ केवळ रिकाम्या ध्वनिमुद्रणगृहांतील शांतता असलेला संग्रह प्रसिद्ध केला.

रागसंगीत : पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या तुलनेने रागसंगीताच्या बाबतीत या प्रणाली दुर्बल ठरतात. रागाचे स्वरूप स्वरांच्या यादीत नसून चलन, मींड, आंदोलन आणि न्यासाच्या जागा यांत असते. बारा समान अर्धस्वरांवर आधारलेल्या संकेतपद्धतीत ते निसटते. शिवाय विलंबित ख्यालाची बढत अर्धा-पाऊण तास चालते व तिचा प्रत्येक टप्पा मागील टप्प्यावर अवलंबून असतो. गुरुमुखातून शिकणारा शिष्यही अनुकरणानेच आरंभ करतो, म्हणून यंत्राचे शिकणे त्याहून वेगळे नाही, असा युक्तिवाद कधीकधी केला जातो. परंतु शिष्यास गुरूने स्वीकारलेले असते, तो घराण्याचे ऋण नावानिशी मान्य करतो आणि त्याच्या चुकीचा जाब त्यास विचारता येतो. यंत्राच्या शिकण्यात या तिन्ही गोष्टी नसतात.

मूल्यमापन : डीझरने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, आठ देशांतील ९,००० व्यक्तींच्या पाहणीत ९७ टक्के श्रोत्यांना यंत्रनिर्मित व मानवनिर्मित गीते अचूक ओळखता आली नाहीत. म्हणून कानास येणारा फरक हा या संगीताचा निकष राहू शकत नाही. यंत्र सर्जनशील आहे किंवा नाही, हा वाद तात्त्विक दृष्ट्या महत्त्वाचा असला, तरी व्यवहारात निर्णायक नाही. प्रशिक्षणात कोणाचे संगीत वापरले ते जाहीर करणे, त्याची आगाऊ संमती घेणे, उत्पन्नाचा वाटा प्रत्यक्ष गायक-वादकांपर्यंत पोहोचविणे आणि यंत्रनिर्मित गीतावर तसा स्पष्ट निर्देश करणे या चार गोष्टी साधल्यास हे तंत्र पूर्वीच्या यंत्रांप्रमाणे संगीतकाराचे साधन बनू शकेल. त्या न साधल्यास, ज्या संगीतकारांच्या निर्मितीवर ते पोसले जाते त्यांचाच व्यवसाय क्षीण होऊन नव्या संगीताचा मूळ झराच आटण्याचा संभव आहे.