थंडीत उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी

2011च्या जनगणनेत देशभरात सुमारे 17.7 लाख बेघर मोजले गेले. त्यांतले 2 लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. डिसेंबर 2009मध्ये दिल्लीच्या पुसा रोडवरचा रात्रनिवारा ऐन थंडीत पाडला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निवारे वाढवण्याचे आदेश निघाले. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा, बारमाही निवारा हवा असं ठरवलं. तरी अनेकजण फुटपाथच धरून राहतात. हातगाडी बाहेर सोडायची कशी आणि बायको-मुलं एकत्र राहतील का, हे त्यांचे प्रश्न रास्तच आहेत.

नुसतं पांघरूण देऊन भागत नाही. गार फरशी अंगातली ऊब खालून ओढून घेते, म्हणून आधी अंथरायला जाड पुठ्ठा, गोणपाट किंवा सतरंजी द्या. कानटोपी आणि कोरडे मोजेही द्या. ते फारसं कुणी देत नाही. दारूने ऊब येते हा समज घातक आहे. तिच्यामुळे रक्त त्वचेकडे धावतं आणि शरीर अधिकच थंड पडतं.

अंग गार असूनही हुडहुडी थांबली, बोलणं अडखळू लागलं, तर ‘झोपलाय’ समजून पुढे जाऊ नका. लगेच 108ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिथेच थांबा.