स्वस्त सायलेन्सरची खरी किंमत

‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. मोटारीचा सायलेन्सर बदलताना ती किती यथार्थ ठरते, याचा आज थोडा विचार करू.

कलबुर्गीहून आळंदकडे जाताना कडगंची लागते. २००९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विश्वविद्यालयाचे आवार येथेच आहे. या रस्त्यावर धावणाऱ्या मोटारींत जुन्या विकत घेतलेल्या मोटारीही असतात. अशा मोटारीचा सायलेन्सर एके दिवशी गंजून फुटतो आणि मालकापुढे प्रश्न येतो : कंपनीचा महाग सुटा भाग घ्यावा, की बाजारातील स्वस्त?

सायलेन्सर गंजतो तो मुख्यतः आतून. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. लांबच्या प्रवासात नळी तापते आणि ही वाफ बाहेर पडते. परंतु गावातल्या गावात चार-दोन मैलांच्या फेऱ्या झाल्या की पाणी आतच साचते. साध्या पातळ पत्र्यास ते लवकर खाते. चांगले पोलाद अधिक काळ टिकते, आणि किमतीतील पुष्कळसा फरक या धातूचाच असतो.

आता इंधनाचा प्रश्न. सगळाच स्वस्त माल इंधन खातो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मागच्या टोकाचा डबा योग्य मापाचा व नीट जोडलेला असेल, तर ॲव्हरेजमध्ये फारसा फरक पडत नाही. दोष उत्पन्न होतो तो दोन कारणांनी. पहिले, नळी अरुंद असणे. जळालेला वायू मोकळेपणाने बाहेर न गेल्यास इंजिनाला तो रेटून काढावा लागतो. मग चढावर किंवा माणसांनी भरलेली गाडी ओढताना तिचा दम कमी पडतो.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. अलीकडच्या पेट्रोल मोटारीत इंजिनाजवळ ऑक्सिजन सेन्सर असतो. एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा, वजनाने, हे प्रमाण राखण्यास तो साहाय्य करतो. त्याच्या पुढच्या बाजूस, इंजिनाकडील सांधा सैल राहिला, तर बाहेरची हवा आत शिरते. पेट्रोल कमी पडते आहे अशी सेन्सरची समजूत होते आणि इंजिन जास्त पेट्रोल घेऊ लागते. समजा, लिटरला १८ किलोमीटर जाणारी गाडी १६ वर आली. महिन्यास १,००० किलोमीटर चालणाऱ्या कुटुंबाचे वर्षाकाठी सुमारे ८३ लिटर पेट्रोल अधिक जाईल. सायलेन्सरवर वाचविलेले पैसे मग कोठे राहिले?

याच नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंच्या योगे तो विषारी वायू निरुपद्रवी करतो. तो काढून पोकळ नळी बसवा, असा सल्ला कोणी दिल्यास वाचकांनी तो मानू नये. धूर तर आपल्याच लेकरांच्या नाकात जातो. आणि काढलेल्या भागास भंगारात चांगली किंमत येते, हेही ध्यानात असू द्यावे. मोठा आवाज म्हणजे मोठी शक्ती, हा तरुणांचा समजही खरा नव्हे. आवाज आवरणारा सायलेन्सर प्रत्येक मोटारीस असलाच पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात.

सर्वांत गंभीर गोष्ट शेवटी सांगतो. फुटलेल्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो. त्यास रंग नाही, वास नाही. काचा बंद करून प्रवास करताना डोके दुखू लागले, मळमळ झाली, तर गाडी तत्काळ थांबवून सर्वांनी मोकळ्या हवेत यावे व डॉक्टरांस दाखवावे.

तेव्हा सुटा भाग घेताना आपल्या गाडीचे मॉडेल व वर्ष सांगावे, जुन्या नळीशी माप ताडून पाहावे, सांध्यांची गॅस्केटे नवी घालावीत आणि पावती मागावी. काम झाल्यावर मेस्त्रीकडून उघड्या जागेत इंजिन चालू करवून सांध्यांपाशी फुसफुस ऐकू येते का, हे पाहून घ्यावे. पुढे काही दिवसांनी तेथे काजळी धरली आहे का, तेही तपासावे. काटकसर हा गृहस्थाचा गुण खराच. पण ज्या गाडीत आपली मुले बसतात, तिच्या बाबतीत दुकानातील किमतीबरोबरच पुढच्या वर्षभराचा हिशेब मांडणे, हीच खरी काटकसर होय.