पुणे मराठाज ते ग्रीन बे : संघ नेमका कुणाच्या मालकीचा?

मागच्या व्याख्यानानंतर सांगलीच्या एका श्रोत्यांनी विचारलं होतं की अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे कधी आला होता का? आला होता. आणि त्यातला पहिला चषक एका मराठी नावाच्या संघाने जिंकला होता. संघाचं नाव पुणे मराठाज. आज पुण्यात दहा जणांना विचारलं तर नऊ जण तरी 'हे कोण?' असंच म्हणतील. हे असं का झालं, त्याचाच आज शोध घेऊ.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. प्रत्येक बाजूला अकरा जण आणि शंभर यार्डांचं मैदान. चेंडू हातात धरून पळायचं किंवा पुढे फेकायचा, आणि चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याकडे. कबड्डीत जशी प्रत्येक चढाई म्हणजे एक वेगळा डाव, तसाच इथला प्रत्येक प्रयत्न. शिट्टी वाजली की सगळे पुन्हा ओळीत उभे राहतात. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाऊन, त्याचे सहा गुण. पायाने तो खांबांमधून मारला तर तीन. नाव फुटबॉल असलं तरी पायाचं काम थोडंच!

२०११ मध्ये अमेरिकन गुंतवणूकदारांनी 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' जाहीर केली. माईक डिट्का आणि कर्ट वॉर्नर यांच्यासारखी त्या खेळातली मोठी नावं पाठीशी होती, अभिनेता मार्क वॉलबर्गही होता. दिल्ली, मुंबई, कोलकाता, पुणे आणि शेजारचं कोलंबो अशा शहरांच्या नावाने संघ उभे राहिले. बहुतेक खेळाडूंनी हा खेळ आधी कधी खेळलेलाच नव्हता. तरी २०१२ च्या पहिल्या हंगामात अंतिम सामन्यात पुणे मराठाजने दिल्ली डिफेंडर्सला ६-० असं हरवलं. मघाशी गुण सांगितले ते यासाठीच. ६-० म्हणजे दोन्ही बाजू जवळजवळ कुलूपबंद!

पण तो हंगाम झाला कुठे, तर कोलंबोत. सामने तिथे चित्रित करून मग टीव्हीवर दाखवले गेले. म्हणजे पुण्याचा संघ विजेता ठरला, पण पुणेकराने त्याला आपल्या मैदानावर जिंकताना पाहिलंच नाही. तिकीट काढून कुणी बसलं नाही, हरल्यावर कुणी चिडलं नाही. कागदावर शहराचं नाव होतं, पैसा सातासमुद्रापलीकडचा होता आणि मैदान तिसऱ्याच देशात. पुढे ती लीग रुजली नाही आणि पुणे मराठाज हे नावही विरून गेलं. खेळाडूंनी घाम गाळला यात शंका नाही. पण संघ आपला म्हणणारं माणूसच नव्हतं, असं आमचं मत आहे.

कुणी म्हणेल, अहो, परका खेळ, तो रुजणार कसा? हे उत्तर पुरेसं नाही, कारण खुद्द अमेरिकेतही हा खेळ असाच कोसळत होता. १९२० मध्ये ओहायोतल्या कँटन गावी जी व्यावसायिक लीग स्थापन झाली, तिलाच आज एनएफएल म्हणतात. सुरुवातीच्या त्या दिवसांत तिच्यात छोट्या छोट्या गावांचे कितीतरी संघ होते. ज्या गावी लीग जन्मली, त्या कँटनचा संघसुद्धा काही वर्षांतच बुडाला. छोट्या गावांपैकी एकच तगला. विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे.

ग्रीन बेची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या सातारा शहराची एक लाख वीस हजार होती. म्हणजे ग्रीन बे साताऱ्याहूनही किंचित लहान. तरी तिथल्या 'पॅकर्स' या संघाने तेरा वेळा विजेतेपद मिळवलं आहे. इतकं दुसऱ्या कुठल्याच संघाला जमलेलं नाही.

१९१९ च्या ऑगस्टमध्ये कर्ली लँबो हा तरुण आणि स्थानिक वर्तमानपत्रातला जॉर्ज कॅल्हून यांनी हा संघ जमवला. लँबो 'इंडियन पॅकिंग कंपनी' नावाच्या मांसाच्या कारखान्यात कारकून होता. कपड्यांसाठी मालकाने पाचशे डॉलर दिले, त्यावरूनच पॅकर्स हे नाव पडलं. (इंडियन शब्दावरून आपण हुरळून जायचं कारण नाही!) १९२१ ला ते लीगमध्ये शिरले आणि लगेच पैशाची ओढाताण सुरू झाली. पाऊस पडला की प्रेक्षक घरी बसत. पावसाचा विमा उतरवला होता, पण एकदा पाऊस अटीपेक्षा इंचाच्या शंभराव्या भागाने कमी पडला आणि कंपनीने पैसे नाकारले. विम्याचे निकष किती काटेकोर असतात, हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको.

शेवटी १९२३ मध्ये त्यांनी गावालाच हाक मारली. पाच डॉलरचा एक शेअर काढला. दुकानदार, वकील, डॉक्टर, सगळ्यांनी घेतले. पुढे जेव्हा जेव्हा संघ अडचणीत आला किंवा मैदान वाढवायचं ठरलं, तेव्हा पुन्हा शेअर निघाले. १९३५, १९५०, १९९७, २०११ आणि शेवटचे २०२१-२२ मध्ये. आज भागधारक पाच लाखांवर आहेत. या शेअरवर लाभांश नाही, तो बाजारात विकता येत नाही, आणि एकट्या माणसाला बहुमत होईल इतके शेअर घेता येत नाहीत. मिळतं काय? वार्षिक सभेला बसायचा हक्क, संचालक निवडायचं मत, आणि भिंतीवर लावायला कागद.

सातारा-सांगलीकरांना हे समजावत बसावं लागत नाही. रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना असो, सांगलीचा वसंतदादा असो की साखराळ्याचा राजारामबापू, सभासद आणि वार्षिक सर्वसाधारण सभा हे शब्द इथे घरातले आहेत. फरक एवढाच की कारखान्याच्या सभासदाला उसाचा दर मिळतो. ग्रीन बेच्या सभासदाला निव्वळ संघ मिळतो, आणि तरी तो पैसे देतो.

आणि गावाने खेळाडूवर पैसे घालणं आपल्यालाही नवीन नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचं होतं, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले तेव्हा त्यांच्या स्वागताला शंभराहून जास्त बैलगाड्या होत्या. तो पदकविजेता खऱ्या अर्थाने त्या लोकांचा होता. त्यांचे पैसेच त्यात गुंतले होते ना!

मात्र ग्रीन बे केवळ भावनेवर टिकलं, असं समजू नका. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लीगने टीव्हीचे हक्क एकत्रित विकून पैसे सगळ्या संघांत सारखे वाटायचं ठरवलं. १९६१ मध्ये अमेरिकेच्या संसदेने त्यासाठी कायदाही केला. न्यूयॉर्कच्या संघाला टीव्हीच्या करारातून जितकं मिळतं, तितकंच ग्रीन बेला मिळतं. ही वाटणी नसती तर पाच डॉलरच्या शेअरने गाव फार काळ तरलं नसतं. गावाचा मालकी हक्क आणि लीगची समान वाटणी, दोन्ही लागलं.

मग असा संघ दुसरीकडे का निघत नाही? कारण लीगनेच तशी मालकी नंतर बंद केली. नियमाप्रमाणे प्रत्येक संघात एका मुख्य मालकाचा ठरावीक मोठा वाटा असावाच लागतो. ग्रीन बे आधीपासूनचं, म्हणून त्याला सूट आहे. आता कुणी अब्जाधीश येऊन हा संघ विकत घेऊन मोठ्या शहरात नेऊ म्हणाला, तर त्याला ते करता येणार नाही. पॅकर्सच्या नियमांत लिहूनच ठेवलं आहे की संघ विकला गेला तर आलेला पैसा भागधारकांना नाही, धर्मादाय कामाला जाईल. म्हणजे विकून कुणाच्याच खिशात काही पडत नाही, म्हणून विकायचा विचारही कुणी करत नाही.