लंडन किती लांब?

ताईचं बाळंतपण जानेवारीत लंडनला आहे आणि आईबरोबर आमची ७६ वर्षांची आजीही इंदूरहून निघाली आहे. म्हणून मी प्रवासाचा हिशेब मांडला.

मुंबई ते हीथ्रो हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना साधारण १० तास लागतात, येताना ९. कारण खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मुंबईहून दुपारी २ ला निघून तिथे संध्याकाळी ७ ला उतरलात, तर प्रवास ५ नव्हे, साडेदहा तासांचा झाला. आजीच्या गोळ्यांच्या वेळा आम्ही डॉक्टरांना विचारून याच हिशेबाने बसवल्या.

इंदूर-मुंबई विमान, मधला थांबा आणि दोन्हीकडचा रस्ता धरला, तर दारापासून दारापर्यंत २० तास सहज होतात. म्हणून मुंबईत चार-पाच तास मोकळे ठेवले, व्हीलचेअरही तिकिटाबरोबरच सांगून ठेवली.

तुमच्याकडचं वडीलधारं कुणी निघणार असेल, तर किलोमीटर नंतर बघा. आधी त्यांना किती तास बसावं लागेल, ते मोजा.