सत्त्याऐंशीचा भागाकार

मॉडेल रेल्वेवाल्यांचं सगळं गणित 87.1 या आडनिड्या आकड्याभोवती फिरतं. खरी गाडी मोजायची फुटांत आणि प्रतिकृती करायची मिलिमीटरांत, अशा दुहेरी संसारातून तो जन्मला. फुटाला साडेतीन मिलिमीटर हे प्रमाण ठरलं, 304.8 ला 3.5 ने भागा, 87.1 हाती येतात. हेच एचओ, म्हणजे ‘हाफ ओ’. आता ज्या ओचं हे निम्मं, तो ओ तरी सगळीकडे एक असावा? इंग्लंडात तो 1:43.5, जर्मनीकडे 1:45 आणि अमेरिकेत 1:48.

अमेरिकेतल्या छंदिष्टांनी 1935 साली मिलवॉकीत नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन काढली ती या गोंधळाला आवर घालायला. एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर चालावा, एवढीच अपेक्षा. पुढे कित्येक वर्षं हिशेबाचं साधन म्हणजे स्टीलची पट्टी. एका कडेवर एचओचे फूट, दुसऱ्या कडेवर ओचे. पट्टी ठेवायची, खूण करायची. भागाकार तिनेच करून ठेवलेला.

इंग्लंडात तर गणित मुद्दाम चुकवलं गेलं. तिथली इंजिनं अंगाने बारीक, साडेतीन मिलिमीटरच्या मापात त्या काळची मोटर मावेना. तेव्हा वरचा सांगाडा फुटाला चार मिलिमीटर इतका वाढवला आणि खालचे रूळ 16.5 मिलिमीटरचेच ठेवले. या ओओ प्रमाणात 4 फूट साडेआठ इंचांचा गेज खरं तर 18.83 मिलिमीटर हवा. 1960च्या दशकात काही हट्टी मंडळींनी प्रोटोफोर नावाने तसा तो करूनही दाखवला. बाकीचे बहुतेक जण अजून 16.5वरच सुखाने गाड्या चालवताहेत.

घरोघरी संगणक आल्यावर निघालेले छोटे प्रोग्राम ही त्या पट्टीचीच नक्कल होती. फूट-इंच टाका, प्रमाण निवडा, मिलिमीटर घ्या. एवढ्यासाठी पाचवीतलं पोरगंही पुरलं असतं! उपयोग झाला तो अपूर्णांकांना. जुन्या रेखाटनांत मापं असतात ‘6 फूट 7 3/8 इंच’ अशी, आणि तशी पानभर मापं उतरवताना माणूस हमखास चुकतो.

पण सगळंच 87.1ने भागून चालत नाही. आपल्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण दहा अंशांचं, म्हणजे 175 मीटर त्रिज्येचं. भागलं तर दोन मीटर. पुरा गोल फिरवायचा तर चार मीटर रुंदीची खोली नुसती रुळांनाच जाईल. 24 डब्यांची एलएचबी गाडी साडेसहा मीटरहून लांब होते. वजनाची तर तऱ्हाच निराळी. लांबी 87 पट घटते तेव्हा वजन सुमारे 6 लाख 60 हजार पट घटतं. 50 टनांची वाघीण 76 ग्रॅमची होते आणि पहिल्याच सांध्यावर रूळ सोडते. म्हणून असोसिएशनने एचओसाठी वेगळाच नियम दिला: मुळात एक औंस, वर डब्याच्या दर इंचाला अर्धा औंस. सहा इंची डब्याला चार औंस, म्हणजे 113 ग्रॅम. चांगला कॅल्क्युलेटर मी इथेच ओळखतो. वजनाच्या रकान्यात जो भागाकार करत नाही, तो.

खोलीत मावतील अशी वळणं बसवण्याची तडजोड जॉन आर्मस्ट्राँग यांनी 1963च्या आपल्या रूळ-आखणीच्या पुस्तकात कागद-पेन्सिलीने शिकवली होती. खोलीचे चौकोन पाडायचे. चौकोनाची बाजू म्हणजे वळणाची त्रिज्या अधिक दोन रुळांमधल्या अंतराची दुप्पट. पुढे एक्सट्रॅककॅड, एनीरेल, स्कार्म आणि ब्रिटिश सांध्यांसाठी टेम्प्लॉट हे प्रोग्राम आले आणि चौकोन पडद्यावर गेले. गाडीला वरच्या मजल्यावर नेणारा गोल चढ घ्या: त्रिज्या 60 सेंटीमीटर, एका फेऱ्यात 8 सेंटीमीटर उंची, म्हणजे चढ 2.1 टक्के. जागा नाही म्हणून त्रिज्या 50वर आणली की तोच अडीच टक्क्यांवर जातो. लांब मालगाडी तिथे अडणार, हे प्लायवूड कापण्याआधीच कळतं.

1990च्या दशकाच्या मध्यात जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून असोसिएशनने डीसीसी हे डिजिटल नियंत्रणाचं प्रमाण ठरवलं आणि गणित इंजिनाच्या पोटात शिरलं. प्रत्येक इंजिनाला पत्ता हवा, पण इंजिनात बसवलेल्या डिकोडरच्या एका कप्प्यात 255पर्यंतचाच आकडा मावतो. युनियन पॅसिफिकच्या बिग बॉय इंजिनाला त्याचा 4014 हा नंबर द्यायचा तर 256ने भागायचं: भागाकार 15, बाकी 174. 15मध्ये 192 मिळवून 207 सतराव्या कप्प्यात, 174 अठराव्यात. मग एकोणतिसावा कप्पा: लांब पत्त्याचे 32, वेगाच्या 28 पायऱ्यांचे 2, साध्या डीसी रुळांवरही चालावं म्हणून 4, बेरीज 38. इंजिन उलटं पळालं तर एक मिळवा.

बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ बॉब जेकबसन यांच्या जेएमआरआय प्रकल्पातल्या डिकोडरप्रोने ही बेरीज माणसाच्या डोक्यावरून उतरवली, तीही फुकटात. निरनिराळ्या डिकोडरांची माहिती देणाऱ्या फायली स्वयंसेवकांनी लिहिल्या होत्या. त्यातल्या काही, लेखकांची नावं गळून, एका व्यावसायिक उत्पादनात गेल्या आणि प्रकरण कोर्टात पोचलं. खालच्या कोर्टाने 2007 साली हा फार तर कराराचा भंग ठरवला. ऑगस्ट 2008मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने ते फिरवलं: मुक्त परवान्याच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचाही भंग ठरू शकतो. 2010मध्ये तडजोड झाली. मुक्त सॉफ्टवेअरचे वकील आजही ज्या निकालाचा दाखला देतात, तो असा या छोट्या आगगाड्यांपायी लागला.

आपली ब्रॉडगेज मात्र मी पाहिलेल्या बहुतेक प्रोग्रामांच्या यादीत नसते. 1676 मिलिमीटर हा आकडा हाताने टाकावा लागतो. उत्तर येतं 19.24 मिलिमीटर, आणि बाजारात रूळ 16.5चे. मीटरगेजला 11.48 येतात, रूळ 12चे मिळतात. सगळ्यांत नशीबवान नॅरोगेजच्या बार्शी लाइटवाले. 762ला भागलं की 8.75, आणि एन गेजचे रूळ 9 मिलिमीटरचे तयारच असतात. एन गेजच्या इंजिनाचं खालचं अंग घ्यायचं आणि वर 1:87चा बार्शीचा सांगाडा चढवायचा. तो मात्र स्वतःच कापून चिकटवावा लागतो.