सारंगखेड्याहून घरी आलेला वछेरा

दत्तजयंती जवळ आली की नंदुरबार जिल्ह्यातलं सारंगखेडा घोड्यांनी भरून जातं. तापीकाठच्या या यात्रेत मारवाडी, काठियावाडी, नुकरा घोडे लांबलांबून येतात. घेणारा दात बघतो, चाल बघतो, अंगावरचे भोवरे तपासतो, किमतीची घासाघीस करतो. सौदा ठरला की वछेरा ट्रकमध्ये चढतो आणि रात्रभराच्या प्रवासानंतर अनोळखी अंगणात उतरतो. तिथे ओवाळणी असते, पोरांचा गलका असतो, कधी हौसेने लावलेली फटाक्यांची माळही असते. घरच्यांसाठी तो सणाचा दिवस. दोन वर्षांच्या त्या जनावराचा कळप, पागा, रोजचा माणूस, रोजचं पाणी मात्र एका दिवसात सुटलेलं असतं.

तो बुजतो, दोरीला हिसडे देतो, चाऱ्याला तोंड लावत नाही. मग ‘खोडीचं जनावर गळ्यात मारलं’ अशी बोलणी सुरू होतात आणि कुणीतरी चाबूक उचलतो. ही खोडी नव्हे, भीती आहे. धोक्याची चाहूल लागताच आधी पळायचं आणि मग वळून बघायचं, यावरच घोड्याचा वंश टिकला. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला भोवतालचं जवळजवळ ३५० अंशांपर्यंत दिसतं. पण कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. तिथून अचानक आलेला मायेचा हातसुद्धा त्याला हल्ला वाटू शकतो. म्हणून आधी आवाज द्यावा आणि खांद्याच्या बाजूने, तिरकं जवळ जावं.

पण घोडा ट्रकमधून उतरला की पहिली काळजी छातीची. तासन्‌तास मान वर बांधून आणलेल्या घोड्याला डोकं खाली करता येत नाही. श्वासनलिकेतली धूळ आणि चिकटा बाहेर पडायला डोकं खाली जावं लागतं. ते झालं नाही तर फुप्फुसाचा गंभीर आजार बळावू शकतो. त्यामुळे आल्याआल्या चारा उंच गव्हाणीत न टाकता जमिनीवर, स्वच्छ जागी टाकावा. पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा. मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. पारा त्यावर चढला, खोकला लागला किंवा नाक गळू लागलं, तर पशुवैद्याला लगेच बोलवावं. ग्लँडर्सची रक्ततपासणी तर खरेदीआधीच झालेली बरी, कारण तो रोग माणसालाही होतो.

घरी आधीचे घोडे असतील तर नव्याला दोन-तीन आठवडे वेगळं ठेवतात. स्ट्रँगल्स या घशाच्या गाठींच्या रोगाची लक्षणं संसर्गानंतर ३ ते १४ दिवसांनी दिसतात, म्हणून ही खबरदारी. पण वेगळं म्हणजे एकटं नव्हे. नाकाला नाक लागणार नाही, पाण्याची बादली एक होणार नाही, तरी दुसरा घोडा नजरेला पडत राहील एवढं अंतर ठेवता येतं. घोडा नसेल तर शांत गाय किंवा शेळीही सोबतीला चालते. सोबत ही घोड्याची चैन नाही. घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं. आणि राखणीला कुणी नाही असं वाटलं तर तो बरेच दिवस अंग टाकत नाही. सकाळी त्याच्या कुशीला गवताच्या काड्या चिकटलेल्या दिसल्या, तर तो रुळू लागला असं समजायला हरकत नाही.

खाण्यात बदल हळूहळूच करायचा. घोड्याचं जठर लहान, त्यात आम्ल सतत पाझरत असतं आणि घोड्याला उलटी करता येत नाही. मोकळ्यावर सोडला तर तो दिवसाचे बहुतेक तास चरतच असतो. अशा जनावराला कौतुकापोटी पहिल्याच दिवशी हरभऱ्याची भरली पाटी देणं म्हणजे पोटशुळाला बोलावणं. आधीच्या मालकाकडून आठवड्याभराचा चारा-खुराक मागून आणावा, जमल्यास पाण्याचे एक-दोन कॅनही. नव्या पाण्याचा वास आवडला नाही तर काही घोडे तहानलेले राहतात. नवा खुराक आठ-दहा दिवसांत थोडा थोडा मिसळत न्यावा. सुका चारा मात्र कायम पुढ्यात हवा.

हात कुठे लावायचा, यालाही शास्त्र आहे. नाकावर थोपटणं बुजऱ्या घोड्याला सहसा रुचत नाही. घोडे एकमेकांना खाजवतात ते मानेच्या मुळाशी, आयाळ संपते त्या उंचवट्यापाशी. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरचा एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेमक्या त्या जागी खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले. खराऱ्याची सुरुवात तिथूनच करावी आणि घोडा सरकला तर त्याला सरकू द्यावं.

खरारा करणाऱ्याचं मनही ठिकाणावर हवं. स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माणसांना घोडा घेऊन ठरावीक वाटेवरून चार फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्या फेरीआधी ‘आता घोड्याजवळ छत्री उघडणार’ असं सांगितलं. छत्री उघडलीच नाही, तरी माणसाच्या छातीत धडधडलं आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही ठोके वाढले. वछेरा बुजेल म्हणून दोरी आवळून धरणारा माणूस त्याला बुजायचं कारणच देत असतो. घरातल्या सगळ्यांनी हौस भागवण्यापेक्षा पहिले पंधरा दिवस एकाच शांत माणसाने, ठरलेल्या वेळी चारा-पाणी आणि खरारा करावा. ते इतर कुठल्याही उपायापेक्षा मोलाचं.

त्यानंतर बाहेरचं जग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी तरुण घोड्यांना मुलांच्या खेळण्याचा प्लास्टिकचा मोठा सेट पुन्हा पुन्हा दाखवून सवयीचा केला आणि मग तो नुसता ९० अंशांत फिरवून ठेवला. घोडे नवीच वस्तू पाहिल्यासारखे दचकले. म्हणूनच काल ज्या ट्रॅक्टरजवळून वछेरा निमूट गेला, तोच आज उलट्या तोंडाने उभा असला की तो थबकतो. अशा वेळी ओढू नये. कान टवकारलेत पण पाय पळू पाहत नाहीत, एवढ्या अंतरावर थांबावं. डोकं खाली आलं, पापण्या लवल्या, जबडा सैल पडला की तिथूनच मागे फिरावं. उद्या दोन पावलं पुढे.

वाजंत्रीची सवयही अशीच लावता येते: आधी लांबवर एकच ढोल, तोही घोडा चरत असताना. ग्रीक लेखक झेनोफोन यानेही वछेऱ्याला गर्दीतून फिरवायला सांगितलं होतं, पण न मारता, चुचकारत. सारंगखेड्याहून आणलेले कितीतरी घोडे पुढे वरातीत उभे राहतात. मार्गशीर्षात घेतलेल्या वछेऱ्याला त्याच लग्नसराईत डीजे आणि फटाक्यांपुढे उभं करायची घाई धोक्याची आहे; नवरदेवाला, वऱ्हाड्यांना आणि त्या वछेऱ्यालाही. या हंगामापुरता दुसरा, सरावलेला घोडा भाड्याने आणावा आणि वछेऱ्याचं वय, तब्येत बघून पुढच्या वर्षी ठरवावं.