मोगऱ्याच्या वासाचा गार माचा

आपल्या घरांतून चहा करावयाचा तो अधण उकळून, पत्ती घालून आणि गाळून. अर्क प्यावयाचा व चोथा गुलाबाच्या मुळाशी टाकावयाचा. जपानातील माचा या चहाला मात्र चोथाच नसतो. त्यात पानाचीच वस्त्रगाळ पूड पाण्यात घुसळतात व सबंध पितात. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे माचाचे गार, सुगंधी पेय घरी करताना कोणती गोष्ट का करावयाची, हे सहज उलगडते.

चहाचे झुडूप तेच. फरक आहे तो निगराणीत. खुडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे झुडपांवर सावली धरतात. त्यामुळे पानांतील हरितद्रव्य वाढते आणि थिआनिन हे रुचकर द्रव्य टिकून राहते. उन्हात त्याचे रूपांतर तुरट द्रव्यांत होत असते. मग पाने वाफवून, वाळवून, देठ व शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. जाते इतके सावकाश फिरते की तासाभरात जेमतेम ३० ते ४० ग्रॅम पूड पडते. एवढ्या कष्टाची वस्तू उकळत्या पाण्याने क्षणात कडू होते. म्हणून पहिला नियम असा, की माचावर अधण ओतू नये.

फुलांच्या वासाचेही तसेच आहे. चीनमधील फूचौ येथे रात्री उमलणाऱ्या मोगऱ्याच्या कळ्या चहाच्या पानांत मिसळून ठेवतात. पाने तो वास ओढून घेतात. उन्हाळ्यात माठातील पाण्यात वाळा व मोगरा टाकण्याची आपली रीत याच तत्त्वावर आहे. सुगंध उडून जाणारा असतो. तो शिजवून नव्हे, मुरवून मिळतो.

तेव्हा सायंकाळी उमलू लागलेली दहाबारा फुले देठ काढून, हलकेच धुऊन, उकळून निवविलेल्या कपभर पाण्यात रात्रभर झाकून ठेवावी. सकाळी पाणी गाळून त्यात अर्धा कप साखर विरघळवावी व ते त्याच दिवशी संपवावे. गार दुधात साखर लवकर विरघळत नाही, म्हणून ती आधीच पाण्यात घालावयाची.

एका पेल्यासाठी माचाची पूड लहान सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे २ ग्रॅम, बारीक चाळणीने चाळून घ्यावी; चाळली नाही तर गुठळ्या राहतात. दोन भाग उकळते व एक भाग साधे पाणी मिसळले की ते सुमारे ७५ अंशांवर येते. असे पाव कप पाणी पुडीवर घालावे. जपानात बांबूच्या कुंच्याने घुसळतात. तो नसल्यास घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फेस येईपर्यंत हलवावे. पेल्यात बर्फ, दोन चमचे मोगऱ्याचे पाणी व पाऊण कप थंड दूध घालून वरून माचा सावकाश ओतावा. दुधातील प्रथिने तुरटपणा सौम्य करतात. पूड विरघळत नाही, तळाशी बसते. म्हणून पिताना ढवळावे.

येथे सावधगिरीची एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. बाजारातील गजऱ्याची फुले या कामी घेऊ नयेत. त्यांवर कीटकनाशकाची फवारणी झालेली असू शकते. फूल घरच्या, औषध न मारलेल्या झाडाचेच असावे. सुंदर दिसणारे प्रत्येक फूल पोटात घेण्याजोगे नसते; कण्हेर तर विषारीच आहे. शिवाय सबंध पान पोटात जात असल्याने कॅफीनही बरेच जाते. लहान मुलांना हे पेय देऊ नये, गरोदर स्त्रियांनी वैद्याला विचारावे, आणि ज्यांच्या रक्तात लोह कमी आहे त्यांनी ते जेवणाबरोबर घेऊ नये. चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही.

पूड हवा व उजेड लागला की पिवळट पडते. डबी घट्ट लावून थंड जागी ठेवावी व लवकर संपवावी. तीन आठवड्यांच्या सावलीने पानात जे राखले, ते निष्काळजीपणाने दवडू नये, एवढेच या कृतीचे सार आहे.